मितभाषी माणसे

वाणी ही मनुष्याला लाभलेली एक अमोल देणगी आहे. परंतु ही देणगी सर्व माणसे सारख्याच प्रमाणात खर्च करीत नाहीत. कोणी ती मुक्तहस्ताने उधळतो, कोणी बेताने वापरतो, तर कोणी कृपणाच्या धनाप्रमाणे ती जपून ठेवतो. पुष्कळ बोलणाऱ्या माणसाचे वर्णन करणे सोपे असते. कारण आपल्या बोलण्यातून तो स्वतःच स्वतःचे चित्र रेखाटीत असतो. जो फारच थोडे बोलतो, त्याचे वर्णन करणे मात्र कठीण जाते. त्याच्याविषयी जे सांगावयाचे, ते पाहणाऱ्याला निरीक्षणाने आणि विचाराने मिळवावे लागते. तेवढे श्रम घेण्याची तयारी नसली, की लोक एखादा आयता शब्द उचलतात आणि तो त्या माणसाला चिकटवून मोकळे होतात.

पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या परिसरात वसलेली पिंपरी आणि चिंचवड ही एके काळी लहान गावे होती. 1954 साली पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही पेनिसिलिन तयार करणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागांत कारखान्यांची दाटी होत गेली, आणि हा औद्योगिक पट्टा उत्तरेस चाकणपर्यंत जाऊन पोहोचला. येथील अनेक कारखान्यांत रात्रंदिवस पाळ्यांनी काम चालते. पाळी सुटली की कामगारांना घरी नेणाऱ्या बसगाड्या भरतात. त्या गाड्यांत थट्टामस्करी चालते, घरच्या अडचणी निघतात, क्रिकेटच्या सामन्यांवर वाद रंगतात. अशा गर्दीत एखादा कामगार मात्र खिडकीशी बसून सबंध प्रवासात अवाक्षरही बोलत नाही. त्याला कोणी ‘घुमा’ म्हणतो, कोणी ‘आतल्या गाठीचा’ म्हणतो, कोणी ‘गर्विष्ठ’ म्हणतो, तर कोणी ‘बिचारा अबोल आहे’ असे म्हणून सोडून देतो. माणूस एक आणि नावे चार! ही चारही नावे एकाच वेळी खरी कशी असू शकतील?

या शब्दांचे अर्थ नीट पाहिले, तर प्रत्येकात माणसाविषयीचा एक वेगळा निवाडा दडलेला दिसतो. ‘अबोल’ हा शब्द साधा आहे. तो केवळ न बोलण्याची नोंद करतो. ‘घुमा’ या शब्दात कुढेपणाचा आरोप आहे. मनात काही साठवून जो आतल्या आत धुमसत राहतो, तो घुमा. ‘आतल्या गाठीचा’ या शब्दप्रयोगात तर संशय आहे. ज्याच्या मनाचा थांग लागत नाही आणि ज्याच्यावर विश्वास टाकावयास लोक कचरतात, त्याला हे विशेषण लावतात. ‘मुखदुर्बळ’ मनुष्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, परंतु चार माणसांपुढे उभे राहिले की त्याची जीभ जड होते. ‘मौनी’ मनुष्य समजूनउमजून बोलणे टाकतो. ‘मौन’ हा शब्द ‘मुनी’ या शब्दापासून आला आहे. आणि ‘मितभाषी’? ‘मित’ म्हणजे मोजलेले. जो शब्द मोजून, पारखून वापरतो, तो मितभाषी. जो पैसा मोजून खर्च करतो, त्याला मितव्ययी म्हणतात. कंजूष म्हणत नाहीत. मितव्ययी आणि कंजूष यांत जे अंतर आहे, तेच मितभाषी आणि घुमा यांत आहे.

मराठी भाषेने न बोलण्याच्या नाना तऱ्हा टिपल्या आहेत. भांडणानंतर माणसे अबोला धरतात. भीतीने एखाद्याची दातखीळ बसते. आपल्या अंगावर येऊ नये म्हणून कोणी मिठाची गुळणी धरतो. अन्याय दिसत असूनही कोणी मूग गिळून बसतो. गुपित राखावयाचे असले की मुले अळीमिळी गुपचिळी करतात. या सर्व ठिकाणी ओठ सारखेच मिटलेले असतात. परंतु मिटलेल्या ओठांमागील मन प्रत्येक वेळी वेगळे असते. म्हणून थोडे बोलणाऱ्या माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या न बोलण्याचे कारण शोधले पाहिजे.

बसच्या खिडकीशी बसलेल्या त्या कामगाराचाच विचार करावा. कदाचित तो पत्र्यांना आकार देणाऱ्या प्रचंड यंत्रांजवळ काम करीत असेल. अशा ठिकाणी यंत्रांच्या आघातांत माणसाचा शब्द बुडून जातो. शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तरी कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. म्हणून तेथील कामगार हाताच्या खुणांनी आणि नजरेनेच कामापुरते बोलतात. आठ तास असे काढल्यावर पाळी संपताच जिभेला पाणी सुटल्यासारखे काही जण बोलू लागतात. परंतु कोणाकोणाला त्या वेळी शांततेचीच तहान लागलेली असते.

याहून गंभीर कारणही असू शकते. मोठ्या आवाजात अनेक वर्षे काम केल्याने ऐकण्याची शक्ती मंदावते. भारतातील कारखान्यांसंबंधीच्या नियमांत दिवसाकाठी 8 तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल अशी घातलेली आहे, आणि कानांच्या रक्षणासाठी बोळे किंवा कर्णरक्षक वापरावयाचे असतात. ही काळजी न घेतली गेल्यास बहिरेपण येते. तेही एकाएकी येत नाही. प्रथम बारीक आणि तीक्ष्ण ध्वनी ऐकू येईनासे होतात. माणसांचे बोलणे कानी पडते, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत. अशा मनुष्याला वारंवार ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याचा संकोच वाटतो. चुकीचे उत्तर दिले तर लोक हसतील, या भीतीने तो संभाषणातून हळूहळू अंग काढून घेतो. लोक म्हणतात, वयोमानाने तो घुमा झाला. वास्तविक त्याला वैद्याची आणि आपल्या माणसांच्या सहनशीलतेची गरज असते.

तिसरे एक कारण या औद्योगिक पट्ट्यात घरोघरी आढळते. येथे पोटासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून माणसे येतात. त्यांची मुले येथील शाळांत दाखल होतात. आपल्या गावी दिवसभर चिवचिवणारे मूल येथील वर्गात आले की मुके होते. कारण वर्गाची भाषा त्याची नसते. वाक्य मनात जुळते, पण ओठांवर येता येता त्यातील एखादा शब्द निसटतो. तेवढ्यात दुसरा कोणी उत्तर देऊन टाकतो. महाराष्ट्राच्याच एखाद्या कोपऱ्यातून आलेल्या मुलालाही असाच अनुभव येतो. त्याच्या बोलीतील एखादा शब्द ऐकून वर्ग हसतो आणि पुढे ते मूल महिनोन्महिने तोंड उघडीत नाही. अशा मुलाला ‘मख्ख’ म्हणणे हा केवढा अन्याय आहे! ते मूल त्या वेळी इतरांहून अधिक श्रम करीत असते. ऐकलेला प्रत्येक शब्द ते मनात साठवीत असते. शेजारी बसणाऱ्या एखाद्या मुलाने त्याच्याशी सावकाश बोलावयास आरंभ केला, त्याच्या भाषेतील चार शब्द आपणही शिकून घेतले, तर त्या अबोल मुलाचा कंठ फुटण्यास फार दिवस लागत नाहीत.

स्वभावतः मुखदुर्बळ असणारी माणसेही असतात. महात्मा गांधींचे उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1891 साली ते इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परत आले. त्यानंतर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात त्यांना पहिला खटला मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यासाठी ते उभे राहिले. परंतु त्यांचे डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. अखेर ते खाली बसले आणि दुसरा वकील करण्यास सांगून त्यांनी ते काम सोडून दिले. ज्या पुरुषाच्या शब्दाने पुढे कोट्यवधी लोक जागे झाले, त्याच्या वाणीचा आरंभ असा होता. आपल्या या बुजरेपणामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढील आयुष्यात ते दर सोमवारी मौन पाळीत. 2 जून 1947 हा दिवस सोमवार होता. देशाच्या फाळणीचा प्रश्न ऐरणीवर आलेला असताना त्या दिवशी ते व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांना भेटले. तेव्हाही त्यांनी मौन मोडले नाही. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून त्यांनी आपले म्हणणे कळविले. आरंभी ज्यांना बोलता येत नव्हते, तेच पुढे आपल्या इच्छेने न बोलण्याइतके वाणीचे स्वामी झाले.

मितभाषी मनुष्य मोठी कार्ये कशी उभी करतो, याचे उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या भूमीतच सापडते. टेल्को या कंपनीची स्थापना 1945 साली झाली. आगगाडीची इंजिने तयार करणारा तिचा कारखाना जमशेदपूर येथे होता. 1949 साली या कंपनीत सुमंत मुळगावकर नावाचे अभियंता आले. 1906 साली मुंबईत जन्मलेल्या मुळगावकरांनी लंडन येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. स्वभावाने ते संकोची, मोजके बोलणारे आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. 1966 च्या सुमारास पिंपरी-चिंचवड परिसरात कंपनीचा नवा कारखाना उभारण्याचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. मालमोटारी लवकर बाहेर काढून वाहवा मिळविण्याची त्यांना घाई नव्हती. प्रथम त्यांनी तरुणांना कसबी कारागीर बनविणारी शिक्षणाची सोय आणि यंत्रे घडविणारी यंत्रशाळा यांकडे लक्ष पुरविले. ओसाड माळावर झाडे लावविली आणि तलाव निर्माण करविला. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार 1977 साली बाहेर पडली. मधल्या दहा-अकरा वर्षांत जी पायाभरणी झाली, तिचा गाजावाजा झाला नाही. परंतु तेथे हातांना जे वळण लागले, ते पुढे फार उपयोगी पडले.

मुळगावकरांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. दुपारी कंपनीतील अधिकारी एकत्र जेवावयास बसत. मुळगावकर मात्र अनेकदा गाडी घेऊन एकटेच बाहेर निघून जात. ते कोठे जातात, याविषयी तर्क चालत. बड्या हॉटेलात कोणी त्यांना मेजवानी देत असावे, असेही काहींना वाटे. शेवटी एकदा कोणी त्यांच्या मागोमाग गेले. पाहतात तो मुळगावकर महामार्गावरील एका साध्या ढाब्यावर मालमोटारींच्या चालकांबरोबर जेवीत बसलेले! गाडी कोठे अडते, चढावर काय त्रास होतो, कोणता भाग लवकर झिजतो, हे ते त्या चालकांकडून ऐकून घेत असत. या गोष्टीत ध्यानात घेण्याजोगे हे, की मालमोटारी बनविणारा मनुष्य बोलण्यासाठी गेला नव्हता. ऐकण्यासाठी गेला होता. जो थोडे बोलतो, त्याच्याजवळ ऐकण्यासाठी वेळ शिल्लक राहतो. 1989 साली मुळगावकर निवर्तले. पुढे 1994 साली कंपनीने जी नवी गाडी बाजारात आणली, तिला त्यांच्या नावातील व आडनावातील पहिली अक्षरे जोडून ‘सुमो’ हे नाव देण्यात आले. ज्याने स्वतःचे नाव पुढे केले नाही, त्याचे नाव अशा रीतीने रस्तोरस्ती फिरले.

क्रीडांगणावरही असे एक नाव आहे. 1915 साली सांगली येथे जन्मलेले विजय हजारे अत्यंत लाजाळू आणि अबोल म्हणून ओळखले जात. 1943-44 च्या हंगामात मुंबईच्या पंचरंगी सामन्यात त्यांच्या संघाच्या एकूण 387 धावा झाल्या. त्यांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्याच डावात त्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासह 300 धावांची भागी केली. त्या भागीत विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या 21; परंतु ते एक बाजू धरून शांतपणे उभे राहिले नसते, तर भावाचा विक्रम झाला नसता. 1948 सालच्या जानेवारीत ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाच्या भेदक गोलंदाजीसमोर हजाऱ्यांनी एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली. एकाच कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय होत. भारताने आपला पहिला कसोटी विजय 1952 साली मद्रास येथे मिळविला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीचा अर्थ त्यांच्या खेळाकडे पाहून कळतो.

तथापि न बोलणे हा सर्वकाळ गुणच असतो, असे समजणे चुकीचे होईल. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे व्यवहारी लोक म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहेच. परंतु त्याहून मोठा दोष वेगळा आहे. जेथे बोलणे हे कर्तव्य असते, तेथे गप्प राहणे हा अपराध होतो. यंत्राचा एखादा खिळा सैल झाल्याचे कामगाराला दिसले आणि ‘आपल्याला काय करावयाचे?’ असे म्हणून तो गप्प राहिला, तर पुढच्या पाळीतील एखाद्याचा हात जाऊ शकतो. वर्गात एखाद्या दुबळ्या मुलाला सगळे छळीत असताना जो सज्जन मुलगा खाली मान घालून बसतो, त्याचे ते मौन छळणाऱ्यांच्याच बाजूचे असते.

कारखान्यांत जड वजने उचलणारी क्रेन चालविताना खुणांची एक ठरलेली भाषा वापरतात. तर्जनी वर करून हात लहान वर्तुळात फिरविला, की वजन वर घ्यावयाचे; बोट खाली रोखून तसेच फिरविले, की ते खाली सोडावयाचे. या खुणा ठरविलेल्या एकाच माणसाने करावयाच्या असतात. इतर कोणी मध्ये पडावयाचे नसते. परंतु एका खुणेला हा नियम लागू नाही. ‘थांबा’ ही खूण कोणीही करावी, आणि ती कोणीही केली तरी चालकाने ताबडतोब थांबावे, असा दंडक आहे. मितभाषी माणसांनी आपल्या मनाशी बाळगावा, असाच हा दंडक आहे. इतर वेळी शब्द मोजून वापरावेत. पण कोणावर संकट येत आहे असे दिसताच आपला स्वभाव बाजूस ठेवून ‘थांबा’ म्हणावे.

मग थोडे बोलणाऱ्या माणसाचे वर्णन कसे करावे? त्याने किती शब्द उच्चारले, ते मोजीत बसू नये. तो बोलत नसताना काय करतो, ते पाहावे. दुसरा बोलत असता त्याचे लक्ष असते की नाही? त्याचे हात कामात कसे चालतात? लहान मुलांशी, वृद्धांशी, घरच्या माणसांशी तो बोलका होतो काय? तो बोलतो तेव्हा कोणत्या प्रसंगी बोलतो? दिलेला शब्द पाळतो काय? त्याला नीट ऐकू येते ना, आपली भाषा त्याला समजते ना? या प्रश्नांची उत्तरे मिळविल्यावर जो शब्द सुचेल, तो बहुधा योग्य असेल. मग बसच्या खिडकीशी बसलेल्या एखाद्याला ‘घुमा’ म्हणणारा मनुष्य कदाचित त्याच्या शेजारी जाऊन बसेल, आणि त्याला बोलते करण्याऐवजी थोडा वेळ त्याच्याबरोबर शांत राहील. त्या शांततेतून पुष्कळदा पहिला शब्द उमटतो.

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु शांत दिसणारे प्रत्येक पाणी खोलच असते, असेही नाही. पाणी किती खोल आहे, हे काठावर उभे राहून कळत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावे लागते. माणसाच्या मनाचीही तीच गोष्ट आहे.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुष्कळ बोलणाऱ्या माणसाचे वर्णन करणे सोपे का असते?
(आ) यंत्रांच्या आवाजाने येणारे बहिरेपण मनुष्याला अबोल कसे बनविते?
(इ) मुळगावकर ढाब्यावर कशासाठी जात, असे सांगितले जाते?
(ई) ‘थांबा’ या खुणेला कोणता वेगळा नियम आहे?

2. पुढील शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करा : मितभाषी – घुमा, मौनी – मुखदुर्बळ, अबोल – आतल्या गाठीचा.

3. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : मूग गिळून बसणे, दातखीळ बसणे, मिठाची गुळणी धरणे, अबोला धरणे.

4. ‘जेथे बोलणे हे कर्तव्य असते, तेथे गप्प राहणे हा अपराध होतो.’ या विधानाचे आपल्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.

5. आपल्या परिचयाच्या एखाद्या थोडे बोलणाऱ्या व्यक्तीचे आठ दिवस निरीक्षण करा. पाठाच्या शेवटी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधा आणि त्या व्यक्तीचे नाव न घेता तिचे शब्दचित्र रेखाटा.